पिवळ्या रंगाचा ओरखडा

आमच्या कोइरोन गावात गाडी घसरली की ती कुठे ना कुठे आपटून शेवटी माझ्याच दारात येते. उतार संपतो तिथे, नदीच्या पुलाला लागून माझं गॅरेज आहे. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले होते, "निदिया, विकून टाक. हे काय बाईमाणसाचं काम आहे?" त्यातल्या प्रत्येकाच्या गाडीखाली आजवर मी निदान दोनदा तरी आडवी झाले आहे. आता कोणी तसं म्हणत नाही.

इंजिनियर लेआंद्रो सारासोला हे आमच्या नगरपालिकेचे रस्तेप्रमुख. अकरा वर्षांपूर्वी राजधानीहून आले. त्यांना नुसतं 'सारासोला' म्हटलेलं ऐकू यायचं नाही. 'इंजिनियर' म्हटलं की मान वळायची. त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत म्हणायची, "इंजिनियरना अजून थोडं मटण वाढा."

पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला हिवाळा मे महिन्यात लागतो; त्याचे चार महिने रोज सकाळी सात वाजता इंजिनियर गावच्या रेडिओवर बोलत. बर्फ घोट्यापर्यंत असो की गुडघ्यापर्यंत, वाक्य ठरलेलं: "कोइरोनमधील सर्व रस्ते वाहतुकीस खुले आहेत. नागरिकांनी सावधगिरी बाळगावी." एकदा हे वाक्य ऐकत ऐकत मी फावड्याने स्वतःचं दार मोकळं करत होते. दार बर्फाने इतकं दाबलं होतं की शेवटी खिडकीतून बाहेर पडले.

गावात सगळ्यात वाईट जागा म्हणजे शाळेचा उतार. वरच्या वस्तीतून तो सरळ खाली येतो आणि शाळेपाशी एकदम डावीकडे वळतो. डोंगराच्या सावलीत असल्यामुळे मे महिन्यात पडलेला बर्फ तिथे सप्टेंबरपर्यंत मुक्कामाला असतो, आणि वरून गाड्या जाऊन जाऊन त्याची काच होते. पूर्वी पहाटे पालिकेचा ट्रक तिथे खडीमिश्रित वाळू टाकून जायचा. दोन वर्षांपूर्वी इंजिनियरनी ते बंद केलं. कारण काय, तर वाळूने गटारं तुंबतात. आणि शिवाय, "आधुनिक गाडीला वाळू लागत नाही. गाडी घसरत नसते, चालक घसरतो."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. हिवाळ्यात गाडी कशी चालवावी यावर त्यांनी एक पुस्तिका छापून घरोघरी वाटली. मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो: डोळ्यांना काळा चष्मा, एक हात पांढऱ्या फोर बाय फोर पिकअपच्या बॉनेटवर. मागची झाडं हिरवीगार. भर उन्हाळ्यातला फोटो. माझ्या गॅरेजमध्ये त्या पुस्तिकेच्या बारा प्रती आल्या. कागद चांगला जाड होता. तेल टिपायला बरा पडला.

गेल्या वर्षी एल्विराबाई त्या उतारावर घसरल्या. एल्विराबाईंनी एकतीस वर्षं गावाच्या शाळेत शिकवलं. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षर ओळखायला लावलं आणि उरलेल्या अर्ध्याचे कान पिळले. त्यांची छोटी जुनी गाडी गटारात गेली, एक शॉकअप तुटला, अंड्यांचा ट्रे फुटला. बाईंना खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनियर रेडिओवर म्हणाले, "काही वयस्कर चालकांनी हिवाळ्यात घरी बसून लोकर विणणं अधिक सुरक्षित ठरेल."

नाव घेतलं नाही. पण त्या आठवड्यात गटारात गेलेली वयस्कर चालक एकच होती. बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मीच चिडून बोलत होते. त्या म्हणाल्या, "अगं, माणूस बोलतो तेवढं बोलू द्यावं. थांबवलं की त्याला वाटतं आपण महत्त्वाचं बोलत होतो."

तर यंदाच्या जुलैची गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे साडेआठ. मी शेगडीवर मातेसाठी, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहासाठी, पाणी ठेवलं होतं. रस्त्यावरून आवाज आला: कडकड, कडकड, मग लोखंड घासल्यासारखं कर्रर्र. बाहेर येऊन बघते तर पांढरी पिकअप येतेय. येतेय म्हणजे खेकड्यासारखी. तोंड नदीकडे आणि चाल माझ्या दाराकडे. डावं पुढचं चाक आत वळून बॉनेटखाली काहीतरी शोधत असल्यासारखं दिसत होतं. स्टिअरिंगमागे इंजिनियर, ताठ, काळा चष्मा लावून. आभाळ तर राखेच्या रंगाचं होतं.

ते उतरले. कोट नीट केला.

"निदिया, जरा बघून घे. अलाइनमेंट थोडी हललीय वाटतं."

"थोडी?"

"किंचित."

मी चाकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "इंजिनियर, ही अलाइनमेंट हलली नाही. ही घर सोडून गेलीय. काय झालं?"

"राष्ट्रीय महामार्गावर होतो. पार पूर्वेला. गुआनाकोंचा कळप आडवा आला. दुसरा कोणी असता तर गेलाच असता. मी कौशल्याने वाचवलं."

गुआनाको, म्हणजे माळावरचे लांब मानेचे रानटी लामा, आडवे येतात खरे; पण महामार्ग म्हणजे पालिकेची हद्द नव्हे, हे कोइरोनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी गाडी लिफ्टवर घेतली आणि बल्ब घेऊन खाली गेले. इंजिनियर बाजूला उभे राहिले. मी त्यांना माते दिलं. त्यांनी नळीतून घाईने ओढलं, जीभ भाजली, तरी चेहरा हलू दिला नाही.

गाडी कशी बोलते, हे ज्यांना ऐकायचं असतं त्यांना ऐकू येतं. रिमची कड आत दबलेली. चाक धरून ठेवणारा लोअर आर्म केळ्यासारखा वाकलेला. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचीही कमान झालेली. म्हणजे गाडी समोरून कशावर गेली नव्हती. ती आडवी सरकत जाऊन एका सरळ, कठीण, वीतभर उंचीच्या गोष्टीला कुशीने धडकली होती. गुआनाको सरळ नसतो, आणि कठीण तर मुळीच नसतो.

"केस नाही, रक्त नाही," मी खालून म्हणाले.

"म्हटलं ना, वाचवलं. त्याला लागलंच नाही. मग गाडी खड्ड्यात गेली."

"खड्डा कुठे होता?"

"महामार्गावर! त्यांचे रस्ते तुला माहीतच आहेत. काय ती देखभाल! काही नियोजनच नाही."

मी अ‍ॅक्सलकडे वळले. चाकाजवळच्या सांध्याचं रबरी आवरण फाटलं होतं, ग्रीस सगळीकडे उडालं होतं, आणि आतला सांधा फुटला होता. वाकला नव्हता, फुटला होता. बेअरिंगच्या गोळ्या माझ्या तळहातावर पडल्या, तुटलेल्या दातांसारख्या. गिअरबॉक्सकडच्या बाजूने सील उखडून तेल ठिबकत होतं. धडकेने आर्म वाकतो, रॉड वाकतो. पण असा सांधा फोडायला धडक पुरत नाही. त्यासाठी चाक कशाला तरी घट्ट टेकलेलं लागतं, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं लागतं, फोर बाय फोर लावलेलं लागतं, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर असा एक पाय लागतो की जो हार मानायला तयार नाही.

"इंजिनियर, धडकल्यावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात."

"थोडासा. गाडी बाहेर काढायला."

"किती वेळा?"

ते चष्मा पुसायला लागले. "चार असेल. पाच."

"बर्फाने तुमचं सस्पेन्शन वाकवलं. ते मी समजू शकते, बर्फाला अक्कल नसते. अ‍ॅक्सल मात्र तुम्ही स्वतः तोडलात."

"फोर बाय फोर आहे ती! तिने चढायलाच पाहिजे होतं!"

"कशावर?"

मी रिमवर अडकलेला बर्फ खरवडला. खाली, दबलेल्या कडेवर, बोटभर रुंदीचा ओरखडा होता. पिवळा. जाड, चकचकीत, ऑइलपेंटचा पिवळा. कोइरोनमध्ये पिवळी रंगवलेली फुटपाथची कड एकच आहे. शाळेच्या वळणावरची. पोरं तिथून रस्ता ओलांडतात म्हणून ती रंगवतात, आणि ती रंगवण्याचा हुकूम ज्या कागदावर निघाला त्यावर सही कोणाची असेल ते सांगायला नको.

मी नखाने तो रंग उकरून त्यांना दाखवला. "महामार्गावरच्या गुआनाकोंना हल्ली पिवळा रंग देतात का?"

इंजिनियरनी खिशातून एक कागद काढला. विम्याचा अर्ज. आवाज खाली आला. "निदिया, इथे मेकॅनिकचा शेरा लागतो. तू फक्त 'राष्ट्रीय महामार्ग, खड्डा' एवढं लिही. तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. पण गाडी माझ्याशी खरं बोललीय. मी तिच्याबद्दल खोटं कसं लिहू?"

मी अर्ज घेतला आणि दिसलं ते लिहिलं: रिम, आर्म, रॉड, सांधा, सील, आणि शेवटी 'चाकाच्या कडेवर पिवळा ऑइलपेंट'. जागेचं नाव मी लिहिलं नाही. कोणाची बदनामी करायला मी गॅरेज चालवत नाही. इंजिनियरनी वाचलं, चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं आणि उतार चढून चालत घरी गेले. तीनदा घसरले. मी शेगडीजवळच्या खिडकीतून मोजलं. मोजायचं नव्हतं, पण खिडकी त्याच दिशेला आहे.

तो अर्ज विमा कंपनीला कधीच गेला नाही.

इथवर ही गोष्ट माझ्यात आणि त्यांच्यात होती. आईची शपथ, मी कोणाला बोलले नाही. आणखी एका माणसाने ते सगळं पाहिलं होतं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. गावाला कळलं ते इंजिनियरच्याच डोक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालिकेची दोन माणसं, रामोन आणि बेतो, रंगाचे डबे घेऊन शाळेच्या वळणावर आली. थंडी शून्याखाली आठ. हुकूम असा होता की वळणावरची कड तातडीने पांढरी करावी. दोघांनी आधी कुदळीने बर्फ फोडला. मग कड पुसली. मग डबा उघडला तर रंग आत दह्यासारखा बसलेला. त्यांनी शेकोटी पेटवली आणि डबा त्यावर ठेवला.

एल्विराबाईंचं घर अगदी वळणासमोर आहे. बाई शाल गुंडाळून बाहेर आल्या.

"काय रे रामोन, काय शिजवतोस?"

"रंग, बाई."

"जुलैमध्ये?"

"हुकूम आहे, बाई."

"आणि पांढरा? बर्फात पांढरी कड? म्हणजे कोणालाच दिसू नये असं काही ठरलंय का?"

बेतो हसला. रामोनने त्याला कोपराने ढोसलं. बाईंनी थोडा वेळ त्या कडेकडे पाहिलं. जिथे धडक बसली होती तिथे सिमेंटचा तुकडा निघाला होता आणि पिवळा रंग खरडून गेला होता.

"हं," बाई म्हणाल्या. "तरीच काल सकाळी ती पांढरी पिकअप इथे इतका वेळ बोंबलत होती. मला वाटलं इंजिनियर रस्त्याची चाचणी घेताहेत."

बस्स. एवढंच बोलून बाई आत गेल्या आणि तळलेल्या पुऱ्यांची थाळी घेऊन बाहेर आल्या. दोघांनी शेकोटीशी बसून त्या खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत बेकरीतून कोइरोनमधल्या लहानथोरांना ठाऊक झालं होतं की रस्तेप्रमुख आपल्याच रस्त्यावर घसरले, आपल्याच कडेला धडकले, आणि पुरावा लपवायला तीच कड रंगवत आहेत. रंग गोठलेल्या सिमेंटवर धरलाच नाही. दोन दिवसांत त्याचे पापुद्रे उडाले आणि खालून पिवळा पुन्हा डोकावू लागला. पोरं शाळेतून सुटली की पापुद्रे खिशात भरून न्यायची.

अ‍ॅक्सलचा सांधा राजधानीहून मागवायचा होता. सांधा निघाला, पण ज्या ट्रकमधून येत होता तो गावापासून चाळीस किलोमीटरवर बर्फात अडकला. आठ दिवस. मग दुसरं बर्फाचं वादळ, आणखी सहा दिवस. या काळात इंजिनियर रोज सकाळी रस्ते खुले असल्याचं सांगायचे आणि संध्याकाळी मला फोन करायचे.

"आला का?"

"नाही, इंजिनियर. रस्ता बंद आहे म्हणतात."

तिकडून फोन खट्कन ठेवला जायचा.

इंजिनियर चालत ऑफिसला जाऊ लागले. बूट गुळगुळीत तळव्यांचे, शहरी. कुंपणांना धरून, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हात टाकत यायचे. मी पाहिलंय, लोक मुद्दाम त्याच वेळी बाहेर येऊन बर्फ झाडायचे आणि "सुप्रभात, इंजिनियर! सावधगिरी बाळगा!" म्हणायचे. ते हात वर करून उत्तर द्यायचे, म्हणजे एक हात कुंपणावरून सुटायचा, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. मला हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं. माणूस कितीही फुगलेला असो, रोज रोज पार्श्वभागावर पडताना पाहवत नाही.

एकदा ते बाईंच्या दारासमोरच पडले. बाई बाहेर आल्या, त्यांना हात दिला, आत नेलं. बाहेर आले तेव्हा बुटांवरून जाड लोकरी मोजे चढवलेले होते, तपकिरी, गुडघ्यापर्यंत. बर्फावर बुटांवरून मोजे घातले की पाय घसरत नाही. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोराला माहीत असतं. इंजिनियरना अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, किंवा त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

सांधा शेवटी आला. आर्म, रॉड, सील, सगळं बदललं. रिम नवीन. दोन दिवस लागले. गाडी न्यायला इंजिनियर आले तेव्हा दुपार होती. चावी हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं. "वर घरी न्यायची ना?"

"हो. म्हणजे... निदिया, तू चालवशील का? मी बाजूला बसतो."

"का?"

त्यांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे नीट पाहिले. थकलेले होते. "सेफेरिनो जूनअखेर निवृत्त झाला."

सेफेरिनो म्हणजे पालिकेचा ड्रायव्हर. मला क्षणभर कळेना, त्याचा इथे काय संबंध. मग एकदम कळलं आणि माझ्या हातातला पाना खाली पडला.

"म्हणजे अकरा वर्षं..."

"हिवाळ्यात तोच चालवायचा. ऑफिसची गाडी. ही पिकअप मी फक्त उन्हाळ्यात काढायचो." ते जमिनीकडे बघत होते. "त्या मंगळवारी मी पहिल्यांदा बर्फावर गाडी चालवली."

"आणि ती पुस्तिका?"

"ती वाचून लिहिली. दुसऱ्या पुस्तिका वाचून."

मला खूप काही बोलायचं होतं. माझ्याकडे तेलाने माखलेल्या बारा प्रती होत्या, आणि गेल्या दोन हिवाळ्यांत माझ्या लिफ्टवर चढलेल्या सगळ्या गाड्यांची नावं मला तोंडपाठ होती. पण समोर बुटांवरून तपकिरी मोजे घातलेला एक पन्नाशीचा माणूस उभा होता, आणि तो पहिल्यांदाच खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याला लगेच मारलं तर तो पुन्हा बोलत नाही. हे एल्विराबाईंनीच मला तिसरीत शिकवलं होतं, म्हणजे मी खोडी कबूल केली आणि त्यांनी मारलं नाही तेव्हा.

"बसा चालकाच्या जागी," मी म्हणाले. "मी बाजूला बसते."

आम्ही मागच्या वळशाच्या रस्त्याने वरच्या वस्तीत गेलो आणि उताराच्या तोंडाशी थांबलो. खाली ती काच चमकत होती.

"पहिला गिअर," मी म्हणाले. "आणि ब्रेकवरचा पाय काढून खाली जमिनीवर ठेवा."

"ब्रेक नाही?"

"नाही. इंजिन धरेल. तुम्ही ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी मात्र जात राहते. त्या दिवशी तेच केलंत ना?"

"दोन्ही पायांनी," ते म्हणाले.

गाडी मुंगीच्या चालीने उतरू लागली. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. अर्ध्यावर मागचा भाग जरासा सरकला. "ब्रेक नको!" मी ओरडले. त्यांनी पाय उचलला होता, तो हवेतच राहिला. गाडी सावरली. वळणापाशी आम्ही पिवळ्यापांढऱ्या कडेपासून हातभर अंतरावरून निघून गेलो. पुलाशी थांबलो तेव्हा इंजिनियरच्या कपाळावर घाम होता.

"लोक रोज असं करतात?" त्यांनी विचारलं.

"रोज. शाळेच्या पोरांना मागे बसवून."

त्यांनी मागे वळून उताराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणखी एकदा करू या?"

आम्ही आणखी चार वेळा केलं.

त्या शुक्रवारी वाळूचा ट्रक आला. दोन वर्षांनी. इंजिनियरनी त्याचं कारण काय दिलं ते मी सांगते: "तीन आठवड्यांच्या प्रत्यक्ष तांत्रिक निरीक्षणानंतर." बेकरीत या निरीक्षणाचं वर्णन वेगळ्या शब्दांत होतं, पण वाळू ती वाळूच. गटारं तुंबली का, म्हणाल, तर नाही तुंबली. तुंबलेली कधी नव्हतीच.

ट्रक वळणावर उभा होता. रामोन आणि बेतो फावडी घेऊन मागे चढले होते. इंजिनियर रस्त्याच्या मधोमध उभे राहून हातवारे करत वाळू कोणत्या कोनातून टाकावी ते समजावत होते. कोन महत्त्वाचा आहे म्हणे, पकड कोनावर अवलंबून असते. रामोन मान डोलावत होता. बेतो वाळू टाकायला लागलाच होता. मी एक बेअरिंग पोचवायला वर चालले होते, ती ऐकायला थांबले.

मागून एल्विराबाईंची छोटी गाडी आली आणि थांबली. बाईंनी काच खाली केली. बाजूच्या सीटवर अंड्यांचे दोन ट्रे पट्ट्याने बांधलेले.

"इंजिनियर," बाई म्हणाल्या, "कोन सापडला की कळवा. तोवर जरा बाजूला व्हा. मला खाली जायचंय."

इंजिनियरनी हवेतला हात खाली घेतला. मग ते बाजूला झाले.